कॅटलान लेखकांच्या वाटा: आईला घेऊन बार्सिलोनात आणि आसपास कुठे चालावं?

ओंजळ | २७ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आज मराठी भाषा गौरव दिन, आणि मी विचारतेय दुसऱ्याच एका भाषेबद्दल. सांभाळून घ्या.

आई शाळेत मराठी शिकवायची, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाली. मागच्या दिवाळीत भावाने तिला मर्से रुदुरेदा या कॅटलान (म्हणजे बार्सिलोनाकडच्या भाषेत लिहिणाऱ्या) लेखिकेची एक कादंबरी इंग्रजी अनुवादात पाठवली. १९६२ची 'ला प्लासा देल दियामान', म्हणजे 'हिऱ्याचा चौक'. तेव्हापासून आई रोज सकाळी देवपूजा झाली की शब्दकोश घेऊन बसते. एक परिच्छेद वाचायचा आणि दोनशे पानी वहीत त्याचा मराठी अनुवाद करायचा. कुणी सांगितलेलं नाही, कुठे छापायचंही नाही. भाऊ सध्या बार्सिलोनात आहे. एप्रिलमध्ये १९ ते २७ आम्ही दोघी त्याच्याकडे जातोय. आईचं एकच म्हणणं आहे, "मला तो चौक बघायचाय."

शोधलं तर तिथे लेखकांच्या नावाने चालायच्या कितीतरी वाटा आखलेल्या दिसतात. तुमच्यापैकी कुणी चाललंय का? आठ दिवसांत कुठल्या जमतील? आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर तासभर चालते, चढ मात्र बेताचा हवा. ती शाकाहारी आहे. आणि मनातला खरा प्रश्न असा, की आम्हा दोघींना कॅटलानचं अक्षर येत नाही. मूळ ओळ वाचता येत नसताना लेखकाच्या गल्लीत उभं राहून हाती काय लागतं?

---

रानवाट | २७ फेब्रुवारी, रात्री १०:०५

प्रतिसाद वाचण्यासाठी जागा धरून ठेवतो. काकूंच्या वहीला नमस्कार.

---

समुद्रपक्षी | २७ फेब्रुवारी, रात्री ११:५२

अकरा वर्षं बार्सिलोनात आहे, पैकी सहा ग्रासियात, त्यामुळे या धाग्यावर मला राहवणार नाही.

चौकापासूनच सुरुवात करा. मेट्रोच्या हिरव्या ३ नंबरने फोंताना स्टेशनला उतरा, पाच मिनिटांत प्लासा देल दियामान. ग्रासिया पूर्वी वेगळं गाव होतं, १८९७ मध्ये शहरात घेतलं, पण गावपण अजून टिकून आहे. या भागाची आखणी एका जवाहिऱ्याने केली, म्हणून चौक हिऱ्याचा आणि आजूबाजूच्या गल्ल्या सोन्याच्या, मोत्याच्या, पुष्कराजाच्या. चौकात नायिकेचं कांस्यशिल्प आहे, सोबत कबुतरं. पहिल्यांदा पाहाल तेव्हा चौक फार साधा वाटेल. बाकं, मुलं, चेंडू, कॉफीची टेबलं. त्याने हिरमुसून जाऊ नका.

एक गोष्ट चुकवू नका. या चौकाच्या खाली, साधारण १२ मीटर खोल, स्पेनच्या यादवी युद्धातला बॉम्बपासून लपायचा भुयारी आसरा आहे. आळीतल्या लोकांनी स्वतः खणलेला. युद्धानंतर विसरला गेला तो १९९२ मध्ये खोदकाम करताना सापडला. ठरलेल्या दिवशीच दाखवतात, आधी नाव नोंदवावं लागतं. पायऱ्या आहेत, तेव्हा आईंचा गुडघा पाहून ठरवा. मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा कादंबरी वाचलेली नव्हती. वर येऊन विकत घेतली. दुसऱ्यांदा उतरलो तेव्हा तेच भुयार पण अंगावर आलं, कारण आता ठाऊक होतं की वरच्या गल्ल्यांमधली ती बाई मुलांना खायला घालायला काही उरलं नाही म्हणून किराणावाल्याकडे तेजाब आणायला निघाली होती.

तिथून प्लासा दे ला विर्रेइना, मग कारेर ग्रान दे ग्रासिया. हाच तो 'मोठा रस्ता', जो ओलांडायला नायिकेला शेवटी शेवटी धडकी भरते. सगळं सपाट आहे. पार्क ग्वेलही कादंबरीत येतं, पण तिथे चढ आहे, तिकीट आहे आणि गर्दी आहे. नायिकेला स्वतःलाच ते फारसं आवडत नाही, फार लाटा आणि फार टोकं आहेत म्हणते. तेव्हा सोडलंत तरी तिची हरकत नसावी :)

आणि २३ एप्रिलला तुम्ही इथे आहात! त्या दिवशी सांत जोर्दी. सगळं शहर पुस्तकं आणि गुलाब घेऊन रस्त्यावर असतं. युनेस्कोने १९९५ मध्ये जागतिक पुस्तक दिन म्हणून हीच तारीख घेतली. आईंना घेऊन सकाळी नऊच्या आत बाहेर पडा, अकरानंतर मुख्य रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते.

---

मुद्देसूद | २८ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

थोडं विरोधात बोलतो, राग मानू नये.

नायिका काल्पनिक आहे. ती त्या चौकात कधी नाचली नाही, त्या गल्लीत कधी राहिली नाही. मग तिथे जाऊन आपण पाहतो काय? पाटी, पुतळा आणि पुतळ्यासोबत फोटो काढणारी माणसं. मी एका मोठ्या युरोपीय शहरात अशी मार्गदर्शक घेऊन केलेली साहित्यफेरी दोन तास चाललो. लेखक जिथे जन्मला तिथे आता बँक, जिथे लिहीत असे तिथे कपड्यांचं दुकान. त्या दोन तासांत पन्नास पानं वाचून झाली असती. काकू घरी बसून अनुवाद करताहेत, त्यात त्या कादंबरीच्या जितक्या जवळ गेल्या आहेत तितकं त्या चौकात उभं राहून जाता येणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

---

काळीमाती | २८ फेब्रुवारी, दुपारी १:३०

मुद्देसूद, तुमच्या मुद्द्यात एक गंमत दडलेली आहे. ही कादंबरी लिहिताना लेखिका स्वतःसुद्धा त्या चौकात नव्हती. १९३९ मध्ये यादवी युद्धाच्या शेवटी हुकूमशहा फ्रँकोचं सैन्य आलं तेव्हा रुदुरेदा देश सोडून गेली. आधी फ्रान्स, मग जिनिव्हा. वीसएक वर्षं दूर राहून, आठवणीतून तिने ही कादंबरी लिहिली.

पुढे एका आवृत्तीच्या प्रस्तावनेत तिने चौक कुठून आला ते सांगितलंय. तेराचौदा वर्षांची असताना ग्रासियाच्या जत्रेत वडिलांबरोबर फिरायला गेली होती. प्लासा देल दियामानमध्ये मांडव घातलेला, आत वाजंत्री, नाच चाललेला. तिला नाचायची अनिवार इच्छा, आणि घरून परवानगी नाही. बाहेरूनच पाहून परतली. कादंबरीची पहिलीच पानं म्हणजे त्या चौकातला मांडव आणि नाच. परकराचा इलॅस्टिक कमरेला काचतोय आणि तरी नाचणारी नायिका नातालिया.

म्हणजे जी मुलगी बाहेर उभी राहिली, तिने चाळीस वर्षांनी दुसऱ्या एका मुलीला आत पाठवलं. हे वाचल्यावर मला तरी त्या मांडवाची जागा बघावीशी वाटली, आणि मी पाहिली. कादंबरी खरी की खोटी हे तपासायला मी गेले नव्हते. ती मुलगी बाहेर कुठल्या बाजूला उभी असेल, एवढंच शोधत होते.

---

मुद्देसूद | २८ फेब्रुवारी, दुपारी २:०२

हे माहीत नव्हतं. विचार करतो.

---

दर्यावर्दी | २८ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:२०

बंदरांच्या कामानिमित्त त्या किनाऱ्यावर दोन वर्षं होतो. माझी शिफारस अरेन्यस दे मार. बार्सिलोनातून आर १ लोकल पकडा, समुद्राच्या बाजूची खिडकी धरा, तासाभरात पोहोचाल. याच मार्गावर मातारोपर्यंत १८४८ मध्ये गाडी सुरू झाली, स्पेनच्या मुख्य भूमीवरची पहिली रेल्वे. जाताना रूळ आणि लाटा यांच्यात काही ठिकाणी वाळूची पट्टी तेवढी उरते.

इथला कवी साल्वादोर एस्प्रिऊ, १९१३ ते १९८५. गावाचं नाव उलटं वाचून त्याने आपल्या कवितेत गाव वसवलं, सिनेरा. रोमन अक्षरांतलं Arenys उलटं करून पाहा. १९४६ चा त्याचा संग्रह म्हणजे 'सिनेराचं स्मशान'. काळ ध्यानात घ्या, फ्रँकोच्या राजवटीचा. कॅटलान पुस्तकं छापणं तोवर जवळपास बंदच होतं, शाळा-कचेऱ्यांतून भाषा हाकललेली. अशा वेळी तो आपल्या गावच्या कब्रस्तानातून हिंडतो आणि केवढीशी ही मायभूमी म्हणून समुद्र, पाइन झाडांच्या आणि द्राक्षमळ्यांच्या टेकड्या, कोरड्या ओढ्यांची धूळ असं एकेक मोजतो.

तो कोरडा ओढा तुम्हाला पायाखाली सापडेल. गावातल्या मुख्य रस्त्याचं नावच 'रिएरा', म्हणजे ओहोळ. पाऊस कोसळला की डोंगरातलं पाणी इथूनच समुद्राला जायचं. स्टेशनातून निघा, रिएराने वर या, मग टेकडीवरचं कब्रस्तान. सरूची झाडं, पांढऱ्या भिंती आणि खाली निळा समुद्र. एस्प्रिऊ तिथेच आहे, भिंतीतल्या एका साध्या कोनाड्यात. मी मोठी समाधी शोधत दोनदा त्याच्यापुढून गेलो.

शेवटचा टप्पा चढाचा आहे. गुडघ्यासाठी गावातून टॅक्सीने वर जा आणि उतरताना चालत या. नाही तर उलट, डॉक्टर सांगतील तसं. आमच्या हिला उतारच जास्त दुखतो.

---

पिंपळपान | २८ फेब्रुवारी, रात्री ९:११

नावाचे उच्चार कुठून शिकलात सगळे? मी इतकी वर्षं रोडोरेडा म्हणत होते.

---

समुद्रपक्षी | २८ फेब्रुवारी, रात्री ९:३०

कॅटलानमध्ये आघात नसलेला 'ओ' हा 'उ'कडे झुकतो, म्हणून रुदुरेदा. 'व'चा 'ब' होतो आणि शेवटचा 'र' पुष्कळदा गिळतात. महाकवी वर्दागेर यांच्या नावाचं मेट्रो स्टेशन आहे, गाडीत पुकारतात 'बर्दागे'. माझे वडील आले होते तेव्हा त्यांना ऐकू आलं 'बरं का गं'. तीन आठवडे घरात तेच चालू होतं.

---

पिंपळपान | २८ फेब्रुवारी, रात्री ९:३४

:))) बरं का गं स्टेशन!

---

शब्दवेध | १ मार्च, सकाळी १०:४५

यादीत कार्लोस रुईस झाफोन कसा नाही? 'द शॅडो ऑफ द विंड' वाचून तर जगभरचे लोक बार्सिलोनात येतात. गॉथिक भागात त्याची वाट आहे. एल्स क्वात्रे गात्स नावाचं जुनं कॅफे, प्लासा सांत फेलिप नेरी...

---

समुद्रपक्षी | १ मार्च, सकाळी ११:२०

वाट सुंदरच आहे, पण तो लिहायचा स्पॅनिशमध्ये. 'कॅटलान लेखक' कुणाला म्हणायचं हा इथला जुना आणि हळवा वाद आहे. २००७ मध्ये फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात कॅटलान संस्कृतीला पाहुण्याचा मान मिळाला, तेव्हा सगळा भर कॅटलानमध्ये लिहिणाऱ्यांवर होता आणि बार्सिलोनाचेच, पण स्पॅनिशमध्ये लिहिणारे बरेच नामवंत गेले नाहीत. मला विचाराल तर मान कॅटलानचा होता, तो कॅटलानमध्ये लिहिणाऱ्यांनाच मिळाला हे रास्त झालं. स्पॅनिशला व्यासपीठांची कमी कधीच नव्हती.

सांत फेलिप नेरीच्या चौकात मात्र कुणाचंही पुस्तक हातात नसताना जा. ३० जानेवारी १९३८ ला तिथे बॉम्ब पडले, ४२ माणसं गेली, बहुतेक लहान मुलं. चर्चच्या दगडी भिंतीवर खड्डे अजून तसेच आहेत, बरोबर लहान मुलाच्या डोक्याच्या उंचीपासून वर. मी तिथे कधी फोटो काढलेला नाही.

---

मांडवीतीर | १ मार्च, दुपारी १२:१०

समुद्रपक्षी, इथे माझं मत वेगळं. मी गोव्याची. आमच्या एका घरात पणजोबांची मराठीतली कीर्तनाची वही आहे, आजोबांची पोर्तुगीजमधली पत्रं आहेत, आणि मी कविता कोंकणीत लिहिते. यातला गोंयकार कोण आणि परका कोण, हे कुठल्या मेळ्याच्या यादीने ठरवू नये. जुझेप प्लाचंच बघा. त्याच्याइतका अस्सल कॅटलान गद्यलेखक नाही म्हणतात, आणि त्याने वर्षानुवर्षं साप्ताहिकासाठी स्पॅनिशमध्ये लिहिलं, कारण कॅटलानमध्ये नियतकालिकच काढू देत नव्हते. पोटाला भाषा निवडता येते असं नाही.

---

समुद्रपक्षी | १ मार्च, दुपारी १२:४०

प्लाचा मुद्दा मान्य. पोटाचाही. यादीबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण तुमच्या घरातल्या तीन भाषांपुढे ते जरा लहान वाटायला लागलंय हे खरं.

---

भोंगा | १ मार्च, रात्री १०:००

मी परळचा, वडील गिरणीत जॉबर होते. या प्रदेशात जायचं तर मी एकाच कवीसाठी गेलो असतो आणि गेलो. मिकेल मार्ती इ पोल, १९२९ ते २००३. गाव रोदा दे तेर, विकजवळ. विकपर्यंत आर ३ गाडी, पुढे थोडा बसचा प्रवास.

चौदाव्या वर्षी गावातल्या कापडगिरणीत कचेरीत लागला. गिरणीतल्या बायापुरुषांवर कविता लिहिल्या. चाळिशीत मल्टिपल स्क्लेरोसिस झाला, काम सुटलं, चालणं गेलं, बोलणंही जड झालं. आणि तो घरात खुर्चीवर बसून लिहीत राहिला, आणि सबंध कॅटलोनियाचा लाडका कवी झाला. लोक त्याला भेटायला त्या छोट्या गावात यायचे.

नदी, जुना दगडी पूल, गिरणीची इमारत. पुलावरून नदीकडे बघत होतो तर तेलमिश्रित कापसाचा वास आला. तिथे असा वास असायचं काही कारणच नाही, माझ्या डोक्यातून आला. वडील घरी आले की शर्टाला यायचा. मला कॅटलान येत नाही. मूळ ओळ वाचता येत नसताना हाती काय लागतं, तर ओंजळ, मला हे लागलं.

---

रानवाट | १ मार्च, रात्री १०:१८

भोंगा, तुमच्या प्रतिसादावर काही लिहावंसं वाटत नाही. फक्त वाचला एवढं कळवतो.

---

सांजदिवा | २ मार्च, सकाळी ९:३०

मांडवीतीर यांनी प्लाचं नाव काढलंच आहे, तर थोडं सविस्तर लिहिते.

पालाफ्रुझेल हे त्याचं गाव. १८९७ चा जन्म. त्याची रोजनिशी 'करडी वही' ८ मार्च १९१८ ला सुरू होते, त्याच्या एकविसाव्या वाढदिवशी. फ्लूची साथ आलीय, विद्यापीठ बंद, म्हणून मुलगा घरी आलाय आणि करायला काही नाही म्हणून लिहायला घेतो. हे पुस्तक मी २०२० च्या टाळेबंदीत वाचलं, तेव्हा पहिल्याच पानाला दचकले. पुढे त्याने ते अनेकदा घासूनपुसून १९६६ मध्ये छापलं. गेला तोही २३ एप्रिलला, १९८१ मध्ये. पुस्तकांच्याच दिवशी.

गावात त्याच्या नावाचं केंद्र आहे, तिथे त्याच्या वाटांचे नकाशे मिळतात. सर्वांत सोपी आणि सुंदर वाट म्हणजे कालेल्या ते ल्याफ्रांक या जवळच्या दोन गावांमधली किनाऱ्याची पायवाट. पूर्वी चोरट्या मालावर नजर ठेवायला पहारेकरी याच वाटेने गस्त घालत. रमतगमत अर्धा-पाऊण तास, मध्ये पायऱ्या आहेत पण कठडाही आहे. खाली खडक, खडकांत वेडीवाकडी पाइनची झाडं, पांढरी घरं आणि वल्हवायच्या होड्या. मध्येच वारा बदलतो. प्ला वाऱ्यांबद्दल असं लिहितो की जणू शेजारीपाजारी आहेत, हा उत्तरेचा तिरसट, तो नैर्ऋत्येचा दमट. ते वाचून गेलं की अंगाला लागणाऱ्या वाऱ्याचं नाव आठवायचा नादच लागतो.

आता इशारा. पालाफ्रुझेलला रेल्वे नाही, बार्सिलोनातून बसने दोन-अडीच तास. मी वेळापत्रक मोबाइलवर पाहून गेले होते, ते हंगामाचं निघालं. शेवटची बस डोळ्यांदेखत गेली. रविवारची संध्याकाळ, सोबत सात वर्षांची लेक. बेकरीतल्या बाईंनी दुकान बंद करून आम्हाला स्वतःच्या गाडीतून दुसऱ्या गावी सोडलं. वाटेत मी मोडक्या स्पॅनिशमध्ये प्लासाठी आले होते म्हटलं, तर बाई गाडी चालवता चालवता त्याच्याबद्दल तक्रारीच करायला लागल्या. किती खडूस होता, बायकांबद्दल काय काय लिहायचा. आणि मग उतरताना म्हणाल्या, पण आमच्या मासळीबद्दल त्याच्यासारखं कुणी लिहिलं नाही. तर जाताना परतीच्या बसची खात्री स्टँडवर उतरल्या उतरल्या करा. नाही तर मुक्कामच करा.

मुद्देसूद यांच्यासाठी प्लाचंच एक वाक्य. वर्णन करणं हे मत देण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि म्हणूनच जो तो मत देतो.

---

मुद्देसूद | २ मार्च, सकाळी ९:५८

लागलं! पण वाक्य चोख आहे, वहीत उतरवून घेतलं.

---

पिंपळपान | २ मार्च, सकाळी ११:१५

शाकाहाराचं कुणी सांगितलंच नाही. भाजलेल्या पावावर पिकलेला टोमॅटो चोळायचा, वर ऑलिव्ह तेल आणि मीठ. 'पा अंब तुमाकेत'. जिथे जाल तिथे मिळतं. 'एस्कालिवादा' म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची सोलून, तेल घालून. आईंना भरताची आठवण येईल, फक्त वरून छोटे मासे घालू नका असं आधीच सांगा. पालकाची भाजी मनुका आणि चिलगोजे घालून करतात, पण कधीकधी त्यात मांसाचे तुकडे असतात, विचारून घ्या.

---

निंबोणी | २ मार्च, दुपारी ३:४०

रुदुरेदा सोडली तर सगळे पुरुषच येताहेत म्हणून एक भर. लेस्काला गावची कातेरिना अल्बेर्त, १८६९ ते १९६६. १८९८ मध्ये तिच्या एका स्वगताला स्पर्धेत बक्षीस मिळालं. विषय, स्वतःचं मूल मारणारी मुलगी. हे एका बाईने लिहिलंय कळल्यावर एवढा गदारोळ झाला की पुढे ती 'विक्तोर कताला' या पुरुषी नावाने लिहू लागली. 'एकटेपण' ही तिची १९०५ ची कादंबरी. डोंगरावरच्या देवळाची राखण करायला नवऱ्याबरोबर गेलेली मिला, आणि शेवटी एकटीच डोंगर उतरणारी मिला. गावात तिचं घर आहे आणि खारवलेल्या मासळीचं संग्रहालयही. मूळ प्रश्नापुरतं सांगायचं तर आठ दिवसांत गुडघ्यासह हे जमणार नाही. पण काकू पुढची वही घालतील तेव्हा ही कादंबरी सुचवा.

---

शब्दवेध | २ मार्च, संध्याकाळी ६:०५

आपल्याकडे असं का नाही? मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, भिलारला पुस्तकांचं गाव आहे. पण पायी चालत, ओळी वाचत जायची वाट?

---

काळीमाती | २ मार्च, संध्याकाळी ६:३०

यावर वेगळा धागा काढा, मी येते. इथे एक विचारायचं राहिलंय. ओंजळ, तुमच्या आईंनी 'कोलोमेता'चं काय केलं? नातालियाला पहिल्याच नाचात किमेत सांगतो की तुझं नाव आता कोलोमेता, म्हणजे छोटी कबुतरी. ती म्हणते माझं नाव नातालिया, तो हसतो आणि कोलोमेताच म्हणत राहतो. अर्थ इथेच आहे. मराठीत कसं आणलं?

---

ओंजळ | २ मार्च, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. भोंगा यांचा दोनदा वाचायला लावला. बेत असा ठरतोय: एक दिवस ग्रासिया, एक दिवस अरेन्यस, २३ ला सकाळी गुलाब आणि पुस्तकं, आणि जमलं तर मुक्कामाने कालेल्या.

काळीमाती, याच एका शब्दावर आई महिनाभर अडलीय. आधी 'कबुतरी' केलं, ते तिला चेष्टेसारखं वाटलं. मग 'पारवी'. मग 'पारू', तर म्हणाली ही शेजारची पारू वाटते. सध्या वहीत पेन्सिलने 'पारवी' आहे.

---

निंबोणी | २ मार्च, रात्री ९:४०

'पारवी' छान आहे. रंगही येतो त्यात.

---

मांडवीतीर | २ मार्च, रात्री १०:०२

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात नवं नाव लिहायचं, हे आपल्याकडे घरोघर होतं. मराठी वाचकाला हा प्रसंग समजावून सांगावाच लागणार नाही.

---

ओंजळ | ३ मे, रात्री ८:५०

परत आलो. उशीर झाला, क्षमा असावी. आईला प्रवासाचा शीण होता.

कालेल्या जमलं नाही, दोन दिवस पाऊस लागला. अरेन्यसला टॅक्सीने वर गेलो आणि चालत उतरलो. दर्यावर्दी, कोनाडा आम्हालाही दुसऱ्या फेरीत सापडला. कुणीतरी गुलाब ठेवला होता, आदल्या दिवशीच्या सांत जोर्दीचा असणार, पाकळ्या कडेने काळ्या पडल्या होत्या. खाली रिएराने येताना आई मध्येच थांबून रस्त्याचा उतार बघत होती. म्हणाली, आमच्या गावचा ओढाही असाच रस्ता करून टाकलाय, फक्त कुणी कविता केली नाही.

चौकात आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा भावाबरोबर, तेव्हा फोटो झाले आणि ती गप्प होती. दुसऱ्यांदा आम्ही दोघीच, सकाळी साडेनऊला. भुयारात ती उतरली नाही, मी एकटी जाऊन आले. वर आले तर बाकावर वही उघडून बसली होती. म्हणाली, बस, वाचते. आणि त्या चौकात, मुलांचा चेंडू आमच्या पायाशी येत होता, बाजूच्या टेबलावर एक आजोबा पेपर वाचत होते, तिने शाळेत धडा वाचायची तशा आवाजात नाचाचा प्रसंग वाचला. मराठीत. किमेत नाव बदलतो तिथे थांबली. चष्मा पुसला.

मग सांगायला लागली, तिच्या लग्नात तांदळात नाव काढलं तेव्हा अंगठी तिच्या बोटाला मोठी होती आणि तांदूळ पसरून अक्षर नीट वाचता येत नव्हतं. तिला शेजारच्या बाईने कानात सांगितलं, तुझं नाव आता हे. मला आईचं माहेरचं नाव ठाऊक होतं, पण तिच्या दाखल्यावर पाहिलेलं. तिच्या तोंडून मी ते त्या बाकावर पहिल्यांदा ऐकलं. चेंडूवाल्या मुलीने तिला काहीतरी विचारलं, आईने चेंडू परत टाकला आणि स्वतःचं नाव सांगितलं. तेच, माहेरचं.

---

मुद्देसूद | ३ मे, रात्री ९:२०

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. संपूर्ण.

---

काळीमाती | ३ मे, रात्री ९:२५

आणि 'पारवी'?

---

ओंजळ | ३ मे, रात्री ९:४४

खोडलं. विमानात खोडरबर मागून घेतला माझ्याकडून. सगळीकडे 'कोलोमेता'च ठेवलंय. "माझं बदललं तेव्हा मला कुणी विचारलं नाही, आता हिचं मी कशाला बदलू," म्हणाली.

नाचाचा परिच्छेद इथे टाकायला तिने परवानगी दिलीय. उद्या टंकते, अक्षर बारीक आहे. दोनशे पानी वहीची चाळीस पानं अजून कोरी आहेत.